सिफूंच्या हातातला मोती

“गुडघा गेला माझा,” माझ्या मानेमागून पुटपुटणं आलं. “झाडासारखं उभं राहा म्हणे. झाडाला गुडघे नसतात, हे या बाईंना कुणी सांगेल का?”

वळून बघायची गरज नव्हती. नॉर्मनच तो. जन्मभर त्यानं बस चालवली होती आणि जन्मभर त्याच्या पाठीमागे बसून लोक कुरकुरले होते. आता निवृत्त झाल्यावर तो दुसऱ्यांच्या पाठीमागे उभा राहून ते सगळं परत करत होता.

“श्वासाकडे लक्ष द्या,” मी ओठ न हलवता म्हटलं.

“श्वास मजेत आहे. प्रश्न गुडघ्याचा आहे.”

वेल्समधल्या एका मेंढ्यांच्या शेतावर, घोट्यापर्यंत दवात, आम्ही दहा-बारा जण उभे होतो. गुडघे जरासे वाकलेले, हात छातीसमोर गोल, जणू प्रत्येकानं पाण्याचं एकेक पिंप कवेत घेतलंय. डोळे अर्धे मिटलेले. कुंपणापलीकडच्या मेंढ्या चरायचं थांबून आमच्याकडे बघत होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

समोर सिफू उभ्या होत्या. सिफू म्हणजे गुरू. खरं नाव मिसेस लिओंग, मलेशियातल्या इपोह गावच्या चिनी घरातल्या. तरुणपणी नर्सिंग शिकायला इंग्लंडात आल्या, इथल्याच इस्पितळांत त्यांचे केस पिकले, आणि नोकरी संपल्यावर वडिलांकडून मिळालेली विद्या गोऱ्या लोकांना शिकवू लागल्या. ‘ची’ म्हणजे अंगातून वाहणारी शक्ती, आपण प्राण म्हणतो त्याची चुलतबहीण म्हणा. ती पोटात उतरवायची कशी, तिथं मुरू द्यायची कशी, कण्यातून वर न्यायची कशी, हे सगळं उभं राहून, चालून, श्वास घेऊन शिकायचं. दर गुरुवारी आमच्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये वर्ग भरे, आणि वर्षातून एकदा आठवडाभर या शेतावर.

त्या माझ्या खांद्याला लागायच्या, आणि मी काही उंच बाई नाही. पण त्या उभ्या राहिल्या की वाटायचं, आधी या इथं उभ्या होत्या आणि शेत त्यांच्याभोवती नंतर आखलंय.

“हात खाली सोडा,” सिफू म्हणाल्या. अलीकडे त्यांचा आवाज इतका हळू झाला होता, की ऐकण्यासाठी श्वास धरावा लागे.

सगळ्यांचे हात खाली आले. सिफूंचा उजवा हात मांडीशी आला मात्र, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागली. हळू, एका लयीत. चिमटीत काहीतरी गोल, बारीक धरलंय आणि ते फिरवून पाहतायत, असं.

“मोती,” माझ्या उजवीकडून फिलिपा कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

नॉर्मन तेव्हा शेताखालच्या नदीच्या बाजूला बघत होता.

या मोत्याचं नीट सांगायला हवं. आता त्याला बरीच वर्षं झाली, आणि ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्यानं आधी हसून घेतलं. हसा. मीही हसले असते.

सिफूंचा नियम एकच, पण कडक. अभ्यासात जे येईल ते येऊ द्यायचं. ऊब, मुंग्या, रडू, काहीही. फक्त त्याला नाव द्यायचं नाही. “नाव दिलं की तुम्ही नावाशीच गप्पा मारत बसता,” त्या म्हणायच्या, “आणि पाहुणा दारात उभा राहतो.” फिलिपा हा नियम नव्या लोकांना फार सुंदर समजावून सांगायची आणि स्वतः दिसेल त्याला नाव द्यायची. वर्गातली सर्वांत जुनी शिष्या ती. उंच, ताठ, शाळेत लॅटिन शिकवलेली, आणि मनानं इतकी चांगली, की तिच्यावर रागावलं की आपल्यालाच अपराधी वाटावं. सिफूंची चिमूट पहिल्यांदा हलायला लागली तेव्हा ती तिलाच दिसली. जुन्या पोथ्यांत म्हणे सांगितलंय, साधना पिकली की पोटात शक्तीचा मोती धरतो. सिफूंचा मोती पोटातून हातात आला, असं तिनं आम्हाला चहाच्या वेळी हलक्या आवाजात सांगितलं, आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही.

मग एकेक खूण दिसत गेली. सिफूंचा चेहरा निवत गेला; हसण्या-रागावण्याच्या रेषा ओल्या फडक्यानं पुसाव्यात तशा गेल्या. आवाज खाली उतरला. चालताना उजवा हात हलेनासा झाला. आणि दारातून जाताना त्या उंबऱ्याशी थबकू लागल्या. क्षणभर, कधी त्याहून जास्त, आणि मग पाऊल आत.

“उंबऱ्याला मान देतायत,” फिलिपा म्हणाली.

झालं. पुढच्या गुरुवारपासून अख्खा वर्ग चर्चच्या हॉलच्या दारात थबकून मग आत शिरू लागला. पाऊस असला की बाहेर छत्र्यांची रांग लागायची. सगळे कुजबुजत बोलायला लागले. एक-दोघींनी घरी चिमूट फिरवायचा सराव धरला. एक बाई मला फार खिन्न होऊन म्हणाल्या, “जो, माझा मोती अजून डगमगतो गं.”

जो म्हणजे मी. ज्योत्स्ना हे नाव इंग्रजांच्या तोंडात मावत नाही. सिफू तेवढ्या ते पुरतं घ्यायच्या, मध्ये एक छोटा थांबा घेऊन, जोत्-स्ना.

आमचे हे म्हणायचे, “कराडात होतीस तोवर एक सूर्यनमस्कार घातला नाहीस, आणि इथं येऊन चिनी बाईकडून श्वास घ्यायला शिकतेस.” म्हणणं खोटं नव्हतं. मुळात मी कुणाकडून काही शिकणारी बाईच नव्हे. जुन्या पोलक्यांच्या शिवणी उसवून शिवण शिकले, आणि रेडिओ ऐकत गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करता करता इंग्रजी. पण झोप अशी शिकता येत नाही. आई गेली तेव्हा विमानाचं तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आले ती झोप तिकडंच ठेवून. गोळ्या झाल्या, जायफळ घातलेलं दूध झालं. शेवटी लायब्ररीच्या फळ्यावरची जाहिरात बघून एका गुरुवारी त्या हॉलमध्ये गेले. सिफूंनी माझ्या पाठीवर, कंबरेच्या जरा वर, तळहात ठेवला. चोळला नाही, दाबला नाही. नुसता ठेवला.

“इथं कुणीतरी दार लावून घेतलंय,” त्या म्हणाल्या. “आपण ठोठावायचं नाही. बाहेर पायरीवर बसून राहू.”

त्या दिवशी घरी जाऊन मी अंगातल्या कोटासकट झोपले. ह्यांनी दोनदा येऊन नाकाशी हात धरून पाहिला म्हणे.

त्याच दिवशी आणखी एक पाहिलं होतं. नॉर्मन तेव्हा नवा होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून आलेला, आणि हे सगळं थोतांड आहे असं त्याचं मोठ्या आवाजातलं मत होतं. सिफू त्याला म्हणाल्या, “मला ढकल.” त्यानं आधी एका हातानं ढकललं, मग दोन्ही हातांनी, मग खांदा लावून. बंद पडलेली बस ढकलणारा माणूस तो. सिफू हलल्या नाहीत. बरं, त्या जोरही लावत नव्हत्या. अंगातल्या जाकिटाची एक चुणी ताणली गेली नव्हती, ते माझ्या डोळ्यांना आधी दिसतं. नॉर्मन घामाघूम होऊन बाजूला झाला. “बाई जमिनीत किती खोल आहेत?” त्यानं आम्हाला विचारलं. तेव्हापासून त्यानं एक गुरुवार चुकवला नाही. कुरकुर ही त्याची उपासना.

तेव्हा थट्टेचा विषय नव्हता हा. त्या बाईंच्या ठायी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाठीवर झेललं होतं. मग त्यांच्या चिमटीत मोती का नसावा?

पण त्या वर्षी शेतावर पोचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण नदी.

शेताच्या खालच्या अंगाला एक नदी होती. पूल नाही, जुन्या लोकांनी पलीकडे जायला काळे दगड मांडून ठेवलेले, एकेक ढांगेच्या अंतरावर. दर वर्षी शेवटच्या सकाळी आम्ही त्या दगडांवरून नदी ओलांडायचो. सिफू पुढे, आम्ही मागे, एका दगडावर एक माणूस, एका श्वासाला एक पाऊल. वर्षभराचा अभ्यास पायांत उतरला की नाही ते तिथं कळतं, असं सिफू म्हणत. त्या वर्षी वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. पाणी चढलं होतं आणि दगडांची नुसती डोकी वर होती.

आणि सिफूंचं उंबऱ्यावरचं थांबणं वाढलं होतं. सोमवारी नाश्त्याच्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या त्या थबकल्याच. त्यांच्यामागे आम्ही सगळे माना खाली घालून उभे. आत ओटच्या लापशीवर साय धरत होती. शेवटी रांगेच्या टोकाकडून नॉर्मन मोठ्यानं म्हणाला, “एक, दोन. एक, दोन. चला, सिफू, गार होतंय.” आणि त्या आवाजासरशी त्यांचं पाऊल उचललं गेलं. फिलिपानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं देवळात शिट्टी वाजवली असावी.

दाराचं एक ठीक आहे. नदीतल्या दगडावर त्या अशाच थांबल्या तर? मनात आलं आणि मी ते लापशीबरोबर गिळलं. टेबलाभोवती बाकीचेही तेच गिळत होते. सगळे फार सावकाश खात होते त्या दिवशी.

बुधवारी दुपारी सिफूंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

“जोत्-स्ना, सुईदोरा आणलायस?”

“तो बरोबर नसला तर मला उघडं पडल्यासारखं वाटतं.”

पलंगावर त्यांचं वर्गातलं निळं जाकीट पसरलं होतं. पुढच्या बाजूला कापडाच्या पिळाच्या गाठी, एका अंगाला गाठ आणि दुसऱ्या अंगाला फास. त्यांच्या आईनं वळलेल्या.

“फास काढून टाक. आतून टिचबटणं लाव. पण बाहेरून गाठी होत्या तशा दिसायला हव्यात.”

मी जाकीट उजेडात धरलं. प्रत्येक फास ओढून ओढून झिजला होता, खालच्याचे तर दोरे लोंबत होते. रोज सकाळी आमच्यासमोर यायच्या आधी या खोलीत किती झटापट चालत असेल, ते त्या दोऱ्यांवरून दिसत होतं.

“हात दुखतो का, सिफू?”

“दुखत नाही.”

मी खिडकीशी बसून उसवायला घेतलं. त्या समोर खुर्चीत बसल्या. मांडीवर उजव्या हाताची चिमूट फिरायला लागली. पाहुण्यांसमोर चाळा करणाऱ्या पोराला आई कशी दाबून धरते, तसा त्यांनी डावा हात तिच्यावर ठेवला. खालून ती हलतच राहिली.

“तुम्ही नर्स होतात ना?” मी सुईकडे बघत विचारलं.

“होते.”

“कुठल्या वॉर्डात?”

“सगळ्याच. शेवटची वर्षं म्हाताऱ्यांच्या.”

मी दोरा तोडला. दुसरा ओवला. पुढचा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर होता. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला वाटलं, या कशाची तरी वाट बघतायत. मी विचारावं म्हणून की विचारू नये म्हणून, ते त्या पुसलेल्या चेहऱ्यावरून कळेना.

“फिलिपा म्हणते, तो मोती आहे,” मी म्हटलं.

खाली शेतात कुत्रं मेंढ्या वळत होतं.

“ती म्हणते ना,” सिफू म्हणाल्या, “तेव्हा मलाही घटकाभर तो दिसतो.”

मग जाकिटाकडे मान वळवून म्हणाल्या, “टाके बाहेरून दिसता कामा नयेत.”

“माझे कधीच दिसत नाहीत.”

शुक्रवारी दुपारच्या भांड्यांची पाळी नॉर्मनची आणि माझी. तो घासत होता, मी पुसत होते.

“ते उद्याचं नदीचं,” तो म्हणाला, “मला पटत नाही.”

“का?”

“दगड ओले आहेत.”

“नदीतले दगड आहेत, नॉर्मन.”

“यंदा जास्त ओले आहेत.”

मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. “तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?”

“दगडांबद्दल म्हणतोय.”

“दगडांबद्दलच?”

त्यानं नळ मोठा सोडला. “तू त्यांची बटणं बदललीस.”

“कुणी सांगितलं?”

“टिच् असा आवाज होतो. आज सकाळी ऐकला.”

टाके लपवले होते. आवाज लपवायचं सुचलं नव्हतं.

“मग तुम्हीच बोला त्यांच्याशी,” मी म्हटलं.

“मी? मी बस चालवायचो. त्यांना मी काय सांगणार? फिलिपानं बोलावं.”

“काय बोलावं?” फिलिपा कप घेऊन दारात थबकली होती, उंबऱ्याला मान देऊन आत आली.

नॉर्मननं एक कढई उगाच उलटी-सुलटी केली. “म्हणत होतो, उद्या कुरणातच चालू या. पाणी चढलंय.”

“सिफू पुढे असतील ना.”

“त्या असतील, म्हणूनच...” तो थांबला.

“त्यांच्या पावलांवर तुझा विश्वास नाही, नॉर्मन?”

तो तिच्याकडे बघत राहिला. एवढा मोठा माणूस, कोपरापर्यंत फेसात. मग म्हणाला, “साबण संपत आलाय.”

फिलिपानं कप ठेवले. ते बशीवर किणकिणले. जाताना ती माझ्यापाशी थांबली. “जो, तू तरी असं काही म्हणू नकोस,” ती म्हणाली. “मी पहिल्यांदा त्यांच्याकडे आले ना, तेव्हा मला जगायचं...” वाक्य तिनं पुरं केलं नाही. किंचित हसली आणि गेली. माझ्या लख्ख लक्षात आलं, हिला दिसतंय. आमच्या सगळ्यांच्या आधी हिलाच दिसलं असणार. मोती हिला सापडला नव्हता. हिनं तो घडवला होता, आपलं माणूस उघडं पडू नये म्हणून. आणि आम्ही सगळ्यांनी हौसेनं त्यावर पॉलिश केलं होतं.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही नदीवर गेलो. धुकं पाण्यावर बसलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. सिफू निळ्या जाकिटात पहिल्या दगडाशी उभ्या. त्यांच्या मागची जागा दर वर्षी फिलिपाची. त्या सकाळी ती पुढे झाली तर नॉर्मन आधीच तिथं उभा होता, बस अड्ड्यावरचे जाड बूट घालून.

“ती माझी जागा आहे,” फिलिपा म्हणाली.

“आज माझी,” तो म्हणाला. कुरकुर नाही, काही नाही. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच असं सरळ बोलताना ऐकलं, म्हणून असेल, ती मागे सरकली. नॉर्मनमागे मी, माझ्यामागे ती, आणि मग बाकीचे.

सिफूंनी पाऊल उचललं. आणि देवाशपथ सांगते, माझी सगळी काळजी तिथंच गळून पडली. काठावर अडखळणाऱ्या त्या बाई दगडावर गेल्या की दगडाच्याच झाल्या. एक दगड. श्वास. दुसरा दगड. श्वास. दोन्ही बाजूंनी पाणी ओरडत चाललेलं, आणि त्यात ही लहानशी आकृती अशी जात होती, की नदीच आपल्याला वाट करून देतेय याची तिला आधीपासून खात्री असावी. त्यांच्या पावलापाठोपाठ नॉर्मनचं, त्याच्या पाठोपाठ माझं. पाठीमागे फिलिपाचा श्वास. आम्ही सगळे मिळून एकच लांब प्राणी झालो होतो.

नदीच्या मध्यावर एक मोठा सपाट दगड होता, चार माणसं पंगतीला बसतील एवढा. सिफू त्याच्यावर चढल्या. दोन्ही पाय जुळवले. आणि थांबल्या.

आम्ही थांबलो.

एक श्वास गेला. आणखी काही गेले. सिफूंची पाठ हलली नाही.

“उतरलं,” फिलिपा माझ्यामागे कुजबुजली. तो शब्द दगडा-दगडानं मागे गेला. मी पाहिलं नाही, पण मला कळलं की मागे सगळ्यांनी गुडघे वाकवले आणि हात छातीसमोर गोल धरले. मीही धरले. नदीच्या मध्यात, एकेका निसरड्या दगडावर, आम्ही दहा-बारा झाडं.

आणि मग ते आलं.

एवढ्या वर्षांत मला अभ्यासात कधी काही जाणवलं नव्हतं. झोप आली, कंबर सुधारली, पण बाकीचे सांगत ते तळहातातले झरे, कण्यातला उजेड, त्यातलं काही नाही. मी नुसती मान डोलवायचे. त्या दगडावर आधी पाण्याचा आवाज गेला. थांबला नाही, एवढा भरला की वेगळा ऐकू येईना. मग पायाखालचा गारवा वर आला, गुडघ्यातून, मांडीतून, आणि पोटात जाऊन ऊब झाला. कसं ते मला सांगता येत नाही. लहानपणी भाऊ भोवरा फिरवायचा. तो इतक्या वेगात आला की हलेनासा व्हायचा, आणि भाऊ ओरडायचा, “झोपला, झोपला.” तसं माझ्या आत काहीतरी फिरत फिरत झोपलं. पाठीवर, कंबरेच्या जरा वर, तेच दार होतं, आणि ते कुणी ठोठावलं नव्हतं, तरी आतून कडी निघाली. आई तिथं होती असं म्हणणार नाही. पण मी उशिरा पोचले होते, आणि त्या घटकेला उशीर नावाची गोष्ट कुठं शिल्लक नव्हती. धुकं माझ्या तोंडावरून जात होतं की माझ्यातून, कुणास ठाऊक. गाल ओले होते.

ते खरं होतं. पुढे जे झालं ते झालं, तरी त्या दगडावर मला मिळालं ते खोटं होतं, असं मी आजही म्हणणार नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. डोळे उघडले ते सहज, झोप पुरी झाल्यावर उघडतात तसे. आणि समोर, नॉर्मनच्या अंगाच्या कडेनं, मला सिफूंची टाच दिसली.

टाच उचलू बघत होती. दगडापासून बोटभर वर येत होती, थरथरत होती, आणि पुन्हा खाली टेकत होती. चवडा चिकटलेला. पुन्हा टाच वर. पोटरीची शीर न् शीर धडपडत होती आणि पाय जागचा निघत नव्हता. वर पाठ तशीच ताठ. मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. आम्ही सगळे डोळे मिटून, भारावून उभे होतो, आणि त्या एकट्या तिथं स्वतःला ढकलत होत्या.

मी नॉर्मनकडे पाहिलं. त्याचे हात गोल नव्हते. ते दोन्ही बाजूंना उघडे होते, पोर पहिली पावलं टाकताना बापाचे असतात तसे. त्यानं डोळे मिटलेच नव्हते.

“नॉर्मन,” मी म्हटलं. आवाज फुटला की नाही, आठवत नाही.

तो दगडावरून नदीत उतरला.

“काय करतोयस तू?” फिलिपा मागून म्हणाली. “नॉर्मन, असं मोडू नकोस. प्लीज.”

पाणी त्याच्या कंबरेला लागलं. एका हातानं मोठ्या दगडाची कड धरून, प्रवाहाशी झोंबत, तो वळसा घालून सिफूंच्या समोर गेला. दोनदा त्याचा पाय घसरला. टोपी वाहून गेली, त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. समोर पोचल्यावर तो पाण्यातूनच वाकला आणि त्यानं आपला उजवा हात, कोपरापासून मुठीपर्यंत, सिफूंच्या पावलांपुढे दगडावर आडवा ठेवला.

सिफूंनी मान खाली केली. जाकिटाजवळ चिमूट वेड्यासारखी फिरत होती.

“पाय येत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान, आणि तरी नदीच्या आवाजातूनही मला तो ऐकू आला. मागे सगळ्यांनाच आला असावा.

“माहीत आहे मला,” नॉर्मन म्हणाला.

“कशानं होतंय हे?”

म्हाताऱ्यांच्या वॉर्डात वर्षं काढलेल्या बाई त्या. नॉर्मननं मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग क्षणभर माझ्याकडे, माझ्यामागे फिलिपाकडे. मी वाट पाहिली, फिलिपा काहीतरी बोलेल. तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि घट्ट बसला. नॉर्मनचे ओठ थंडीनं निळे पडले होते, आणि त्याचा आवाजही आता लहान झाला होता.

“पार्किन्सन आहे हा, सिफू,” तो म्हणाला. “माझ्या वडिलांचा पाय असाच अडायचा, पुढ्यात काही आडवं दिसलं की उचलायचा. आता इथं खाली बघा, आणि माझ्या हातावरून पाऊल टाका.”